काकूंची सकाळची फेरी

समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत नावापुढं पदव्यांची शेपूट लावलेली माणसं पुष्कळ होती, पण सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन उबेच्या कपाटाचं दार उघडायचा मान एकट्या काकूंचा होता. काकू म्हणजे प्लेटांच्या स्वयंपाकघरातल्या काकू. दारावरच्या पाटीवर त्या खोलीचं एक लांबलचक नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आत मोठी शेगडी, वाफेचे दोन दांडगे कुकर, तराजू, डबे, चमचे आणि कोपऱ्यात भलंमोठं सिंक. आता याला स्वयंपाकघर नाही तर काय म्हणायचं?

तिथं शिजायचा तो अगार. समुद्रातल्या लाल शेवाळातून काढलेली ही पांढरट भुकटी पाण्यात उकळली की विरघळते आणि गार झाली की थिजते. काकू ती खारट पाण्यात शिजवायच्या, काचेच्या बशांसारख्या चपट्या प्लेटांत ओतायच्या आणि झाकण ठेवून द्यायच्या. त्यावर मग संस्थेतली मंडळी समुद्रातले जंतू वाढवायची. बहुतेक जंतू अगारावरचं खाणं खातात, अगाराला तोंड लावत नाहीत. ताटातलं खातात, ताट कुणी खात नाही, तशातला प्रकार.

काकूंच्या प्लेटा म्हणजे बघत राहावं अशा. बुडबुडा नाही, सुरकुती नाही, एका कडेला चढ नाही. दुसऱ्या संस्थांतले पाहुणे आले की त्यांना यंत्रं दाखवून झाल्यावर काकूंच्या प्लेटाही दाखवत. काकू तोंडानं "त्यात काय एवढं" म्हणायच्या आणि तो दिवसभर त्यांचा पाय जमिनीला लागायचा नाही.

ही खोड त्यांना बापाकडून आली होती. बाप गवंडी, त्यातही फरशी बसवणारा. काम झालं की खिशातून काचेची गोटी काढून फरशीवर ठेवायचा. "जमीन अशी पाहिजे, की गोटीला प्रश्न पडला पाहिजे जाऊ कुठं," असं म्हणायचा. गोटी हलली नाही की मगच हात धुवायचा. लहानपणी काकू बापाचा डबा घेऊन जायच्या, तेव्हा गोटी ठेवायचं काम त्यांना मिळायचं.

बापाचा एक नियम होता. काम बिघडलं तर गाजावाजा करायचा नाही. मालकाला कळायच्या आत उकरायचं आणि पुन्हा करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण एका बेकरीची फरशी या नियमाला पुरून उरली. कोपऱ्यात ती खचली. बापानं सुट्टीच्या दिवशी जाऊन उकरली, पुन्हा बसवली. पुन्हा खचली. तिसऱ्यांदा बसवली, तेव्हा त्यानं एकेक फरशी तासन् तास ठोकून पाहिली, आणि पावसाळा सरायच्या आत तीही खचली. त्या दिवशी बाप घरी आला, थापी माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "हात गेला माझा." त्यानंतर तो एका गोदामावर राखणदार म्हणून बसला आणि मरेपर्यंत बसूनच राहिला. काकूंनी बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात गेल्यावर तो फरशीकडं न बघता भिंतीकडं बघत बसायचा, ते त्यांनी पाहिलं होतं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

संस्थेत त्या लागल्या बाटल्या धुवायला. तिथून हळूहळू शेगडीपर्यंत पोचल्या. आणि कधीतरी, कुणी न सांगता, त्यांची सकाळची फेरी सुरू झाली. उबेच्या कपाटात सगळ्यांच्या प्लेटा जंतू वाढण्यासाठी रचलेल्या असायच्या. काकू एकेक काढून उजेडात धरायच्या. तडा गेलेली, वाळून आकसलेली, पाणी सुटलेली प्लेट दिसली की बाजूला. "तुझ्या दोन काढल्या गं," एवढं ज्याचं त्याला सांगायचं. काकूंनी काढली म्हणजे ती गेली. त्यावर अपील नव्हतं. का काढली, हे कुणी कशाला विचारेल? उलट बरंच होतं, वाईट प्लेट आयतीच निवडली जायची.

अशा सुखाच्या दिवसांत भिंगरी आली. ती नव्यानं लागलेली संशोधक पोरगी. दोन मिनिटं एका जागी उभी राहिली तर पायाला मुंग्या येतील अशी. म्हणून तिचं नाव भिंगरी. ती किनाऱ्यावर जाऊन सडलेलं शेवाळ पिशव्या भरभरून आणायची आणि नेमकी काकूंच्या ओट्यावर ठेवायची.

"अगं ए, उचल ते आधी! माझ्या भांड्यांना वास लागतो."

"काकू, पाचच मिनिटं. याच्यात माझं नशीब आहे."

"मग तुझ्या नशिबाला आंघोळ घाल आणि मग आण."

एकदा तिनं धावता धावता सांगितलंही होतं, की हे शेवाळ प्लेटांवर घासून त्यातली साखर खाणारे जंतू शोधतेय म्हणून. काकूंनी मान डोलावली. साखर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं चहाच्या डब्याशेजारचा डबा आला. अगारही साखरेच्याच लांब साखळ्यांचा बनलेला असतो, हे त्यांना कसं सुचावं? त्यांनी तो एकदा चाखून पाहिला होता आणि त्याला कसलीच चव नव्हती. आणि भिंगरीलाही, आपल्याला नक्की कसली प्लेट दिसायला हवी आहे, ते स्वयंपाकघरात जाऊन सांगायचं सुचलं नाही. ती सांगायची मोठ्या बाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना.

मग एका सकाळी काकू नेहमीसारख्या फेरीला आल्या. भिंगरीच्या काही प्लेटा खचल्या होत्या. काठाशी सपाट, पण मध्येच कुणी अंगठा दाबावा तसे खळगे, आणि खळग्यात पाणी. इतक्या वर्षांत असलं कधी झालं नव्हतं. त्यांनी दार लोटून घेतलं, पुन्हा पाहिलं. खळगे तसेच.

वास्तविक टाकायच्या प्लेटा वाफेच्या कुकरात घालून, जंतू मारून मग टाकायच्या, असा कायदा. पण कुकरात घातल्या तर कुणीतरी विचारणार, इतक्या कशा बिघडल्या? काकूंनी इकडंतिकडं पाहिलं, प्लेटांतला तो गिळगिळीत ऐवज सिंकमध्ये खरवडला, वरून पाणी सोडलं आणि काचा धुऊन पालथ्या घातल्या. भिंगरीला नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "तुझ्या थोड्या काढल्या गं." ती "बरं" म्हणून पळाली. राहिलेल्या प्लेटांवर जंतू छान उगवले होते. फक्त ते सगळे ताटातलं खाणारे होते.

पुढच्या खेपेला काकूंनी भुकटी दोनदा तोलली. तरी खळगे. त्याच्या पुढच्या खेपेला मूठभर जास्त घातली, म्हणजे दगडासारखं थिजेल. तरी खळगे. प्लेट घट्ट करून उपयोग काय होता? खाणाऱ्याच्या पुढ्यात जास्त वाढल्यासारखंच ते! पण काकूंना हे कुठं ठाऊक होतं? त्यांना दिसत होता फक्त स्वतःचा हात. इतरांच्या प्लेटा ठीक होत्या, पण भिंगरीसाठी खारट पाणी वेगळं, म्हणून तिच्याच प्लेटांत हात चुकतोय, अशी त्यांनी आपली समजूत घातली. प्रत्येक खेपेला लवकर यायचं, खचलेल्या काढायच्या, सिंकमध्ये खरवडायच्या, मूठ झाकून ठेवायची.

घरी त्या गप्प झाल्या. त्यांचा नवरा शिंपी, घरातच मशीन टाकून बसलेला. त्याच्या लक्षात आलं, कारण बोलणं ऐकायची त्याला सवय होती आणि आता नुसतं मशीनच ऐकू यायचं.

"काय गं, कुणी काही बोललं का?"

"कोण बोलणार मला?"

"तेच म्हणतो. तुला बोलायची कुणाची छाती आहे!"

एरवी त्या यावर फणकारल्या असत्या. त्या दिवशी नुसते हात पुढं केले. "बघा हो. थरथरतात का?"

नवऱ्यानं हात उजेडात धरले, उलटेपालटे केले. "मला तर नाही दिसत. पण माझ्या चष्म्याचा काय भरवसा?"

"हात गेला माझा," काकू म्हणाल्या. "या महिन्याअखेर सोडते काम. कुणी सांगायच्या आत आपण उठलेलं बरं."

नवऱ्यानं मशीन थांबवलं. सासऱ्याची गोष्ट त्याला माहीत होती. त्या दिवशी त्यानं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

संस्थेतही महिनाअखेरच कानावर येत होती. मोठ्या बाईंनी भिंगरीला बोलावून सांगितलं होतं, की शेवाळ खाणारा एक तरी जंतू दाखव, नाहीतर हे काम बंद करून दुसरं घे. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण किती दिवस वाट पाहणार? किनाऱ्यावर शेवाळ कुजतं, म्हणजे कुणीतरी ते खातंच. मग ते या पोरीच्या प्लेटांत का येत नाही? भिंगरी आता चालायला लागली होती, पळत नव्हती. काकूंना ते बघवेना. पण त्यांना वाटायचं, पोरीचं दुखणं वेगळं, आपलं वेगळं.

त्या आठवड्यात स्वयंपाकघरात प्लंबर आला. हा माणूस काकूंच्या सिंकवर जगतो, असं लोक म्हणायचे. धुताना अगाराचे तुकडे नळीत जायचे, तिथं थिजायचे आणि सिंक तुंबायचं. मग हा तार घेऊन यायचा, तासभर कुरकुरायचा, सिंकखालची वाकडी नळी सोडवून आतून पांढरा लगदा बाहेर काढायचा आणि चहा पिऊन जायचा. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. भिंगरी त्या वेळी ओट्याशी आपल्या बाटल्या पुसत उभी होती.

"काय वहिनी, दुसरा प्लंबर धरलात का?" त्यानं दारातूनच विचारलं.

"का हो भाऊ?"

"बोलावणंच नाही बऱ्याच दिवसांत. म्हटलं, रागावलात की काय."

"तुंबलंच नाही तर बोलावू कशाला? चहाला?"

"तुंबलं नाही?" त्याला ते अपमानासारखं लागलं. तो सिंकखाली शिरला, वाकडी नळी सोडवली आणि बादलीवर उपडी केली. लगदा नव्हता. नुसतं पाणी आलं आणि मागून थोडा पिवळट बुळबुळीत साका. त्यानं नळीतून आरपार काकूंकडं पाहिलं. "अख्ख्या इमारतीत इतकी साफ नळी नाही. काय घातलंत हो यात? मलाही सांगा, पण बाकी कुणाला सांगू नका, माझं पोट आहे."

भिंगरीचा हात बाटलीवर थांबला. "काकू, यात अगार जातो ना?"

"जातो थोडा."

"मग तो गेला कुठं?"

काकू फडकं पिळायला लागल्या. भिंगरी बादलीपाशी बसली, साका बघितला, मग वर बघितलं. "काकू, या सिंकमध्ये तुम्ही काय टाकलंत? खरं सांगा."

प्लंबर नळी हातात धरून उभा. त्याच्यासमोर सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत बाहेरच्या चहावाल्यालाही कळणार. काकूंना वाटलं, बोलू नये. उठावं, पर्स घ्यावी, घरी जावं. मग त्यांच्या डोळ्यांपुढं भिंतीकडं बघत बसलेला बाप आला, आणि तसं बसायचं नाही एवढंच त्यांना त्या क्षणी कळलं.

"तुझ्या प्लेटा टाकल्या," त्या म्हणाल्या. "खचत होत्या गं. मध्ये खळगे पडायचे, पाणी सुटायचं. दरवेळी. मी दोनदा तोललं, जास्त घातलं, पण हात गेलाय माझा. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून फेरीत काढायची आणि इथं खरवडायची. कुकरात पण नाही घातल्या. हे बघ, महिनाअखेर मी सोडणारच आहे काम, पण तू बाईंना—"

"खळगे?" भिंगरी म्हणाली.

"हो."

"दरवेळी?"

"हो गं."

भिंगरी उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला आणि मग तिनं जो आवाज काढला, तो संस्थेत पूर्वी कुणी काढला नव्हता. "काकू! तेच खळगे शोधतेय मी! किनारा पालथा घातला, कुबट वासानं जेवण जाईना, बाईंची बोलणी खाल्ली, आणि तुम्ही रोज सकाळी येऊन नेमक्या त्याच टाकताय? मला एकदा, एकदा तरी दाखवायच्या!"

"वाईट प्लेट दाखवायची असते होय?" काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

भिंगरीनं ओट्याजवळचं स्टूल ओढलं. त्यावर ती मटकन बसली. राग तिच्या तोंडावर दिसत होता, आणि तो खराच होता. कुणीही असता तरी रागावला असता. प्लंबरनं हळूच नळी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्याला कुणाचा चहा नको होता.

शेवटी भिंगरी म्हणाली, "तुमचा हात नाही गेला, काकू. तुमचं ताट खाणारे आले होते."

मग तिनं सांगितलं. या जंतूला दात नाहीत, तोंडही नाही. अगाराची साखळी केवढी मोठी, ती आत जाणार कशी? म्हणून तो आपल्या अंगातून कात्र्या बाहेर सोडतो. त्या साखळीचे तुकडे करतात, आणि तुकडे तो आत ओढून घेतो. जंतूभोवतीचं थिजलेलं असं कापलं गेलं की तिथं खळगा पडतो. समुद्रात हेच चालतं. शेवाळाच्या प्रत्येक जातीची साखर वेगळी, साखळीतल्या गाठी वेगळ्या, आणि ज्याच्याकडं त्या गाठीची कात्री, तोच ती खाणार. हे जंतू नसते तर मेलेलं शेवाळ किनाऱ्यावर डोंगरासारखं साचलं असतं.

"म्हणजे मी जास्त घातलं ते..."

"त्यांनी जास्त खाल्लं."

"आणि हे सिंक..."

भिंगरीनं बादलीकडं पाहिलं, आणि तिचे पाय एकदम पूर्वीसारखे झाले. कुकरात घातल्या असत्या तर सगळे मेले असते. सिंकमध्ये खारट पाणी रोजचंच, अगार रोजचाच. जंतूंना याहून बरं बिऱ्हाड कुठं मिळणार? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिनं साका बाटलीत भरला. "काकू, प्लेटा ओता. आत्ता. आणि भुकटी नेहमीएवढीच."

काकूंनी प्लेटा ओतल्या. भुकटी या खेपेला एकदाच तोलली.

दोन दिवसांनी सकाळी फेरीला त्यांनी कपाट उघडलं, तर खळगे होते. काकूंनी एकाही प्लेटेला हात लावला नाही. दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. कपाटाला पाठ लावून त्या भिंगरी येईपर्यंत उभ्या राहिल्या. तिनं एका प्लेटेवर आयोडीन ओतलं. प्लेट चहासारखी तपकिरी झाली, पण जंतूंच्या ठिपक्यांभोवती गोल गोल फिकट डाग राहिले. तिथली साखळी कापली गेली होती, म्हणून रंग धरला नाही. मोठ्या बाई आल्या, चष्मा वर करून बघितलं, आणि म्हणाल्या, "सिंकमधून?" भिंगरी हो म्हणाली. "सिंकचं पुरावा म्हणून चालणार नाही. कुठून आला ते कुणाला सांगता येणार आहे? पुन्हा किनाऱ्यावर जा आणि तिथून आणून दाखव. तोपर्यंत काम बंद करत नाही." मग काकूंकडं वळून त्यांनी कुकर न वापरल्याबद्दल चांगलंच झापलं. ते काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांची चूकच होती.

किनाऱ्यावरच्या पुढच्या शेवाळातूनही खळगे पडले. फेरी चालू राहिली, पण आता बिघडलेली प्लेट टाकायच्या आधी ज्याची त्याला दाखवायची, असा काकूंनीच कायदा केला. काम सोडायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि नवऱ्यानं विचारलंही नाही. संध्याकाळी जेवताना मात्र त्यांनी त्याला सगळं नीट समजावलं. "तुमच्यासारखंच हो. अख्खा तागा काय अंगात घालता येतो? आधी कापायला लागतो." नवरा म्हणाला, "मग ते जंतू बाह्या तरी नीट लावत असतील."

हसता हसता काकूंना बापाची ती खचलेली फरशी आठवली आणि घास तसाच हातात राहिला.

रविवारी त्या एकट्याच त्या बेकरीकडं निघाल्या. बेकरी केव्हाच बंद झाली होती. तिथं आता किल्ल्या करून देणारा बसला होता. काकूंनी एक किल्ली करायला दिली आणि तो कामाला लागल्यावर फरशी बघायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ती बघितली नव्हती, घरात कुणीच बघितली नव्हती. फरशी तीच होती, बापानं तिसऱ्यांदा बसवलेली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सपाट. फक्त एका कोपऱ्यात गोल खळगा, आणि त्याच्या कडेपर्यंत बाकीची जमीन जशीच्या तशी. काकू रोज सकाळी उजेडात धरून अशाच खळग्यांकडं बघत आल्या होत्या.

"तिथं पाय जपून, आजी," किल्लीवाला म्हणाला. "खालून ओल आहे. कुठली तरी जुनी नळी झिरपते, माती धुऊन नेते. कुणी खणून बघतच नाही."

काकू खाली बसल्या. घरातून निघताना पर्समध्ये ठेवलेली बापाची काचेची गोटी काढली आणि खळग्यापासून दूर, दुकानाच्या मध्यावर ठेवली. ती हलली नाही. त्यांनी जागा बदलली, दाराशी ठेवली, भिंतीशी ठेवली. गोटी कुठंच हलली नाही.

"बाबा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हात गेला नव्हता हो तुमचा."

किल्लीवाल्यानं मशीन बंद केलं आणि काही हवंय का म्हणून विचारलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, काही नको, आणि गोटी उचलायला पुन्हा खाली वाकल्या.